हॅकिंगचा अभ्यास : गृहीतक, प्रयोग आणि दुरुस्ती

१. विषय आणि प्रतिपादन

प्रत्येक यंत्र त्याच्या रचनाकाराने काही गोष्टी धरून चालून बनवलेले असते. प्रोग्रॅम लिहिणारा धरून चालतो की वापरकर्त्याचे नाव शंभर अक्षरांहून लांब असणार नाही. राउटर बनवणारा धरून चालतो की डब्याचे स्क्रू कोणी काढणार नाही. वेबसाइट बांधणारा धरून चालतो की नाव मागितले तर माणूस नावच लिहील. यांतली बरीच गृहीतके कुठेही लिहून ठेवलेली नसतात, आणि पुष्कळदा ती खुद्द रचनाकाराच्याही ध्यानात आलेली नसतात. ही गृहीतके हुडकणे, ती कोणत्या परिस्थितीत टिकतात व कोणत्या परिस्थितीत कोसळतात हे प्रयोगाने ठरवणे आणि त्या समजुतीच्या बळावर यंत्राकडून न योजलेले काम करून घेणे, या अभ्यासाला प्रस्तुत लेखात हॅकिंग म्हटले आहे.

या व्याख्येतून शिकण्याचा क्रमही ठरतो. आज बहुतेक नवशिके सुरुवात साधनांपासून करतात. काली लिनक्स उतरवून घेतात, त्यात शेकडो तयार साधने मिळतात, एखादा व्हिडिओ पाहून त्यातल्या आज्ञा जशाच्या तशा टंकतात. साधन चालले तर का चालले हे कळत नाही, न चालले तर पुढे काय करावे हे सुचत नाही. साधन हे दुसऱ्या कोणीतरी शोधलेल्या गृहीतकाचे तयार उत्तर असते. ते गृहीतक ज्याला माहीत नाही त्याच्या हाती उत्तर पडले तरी प्रश्न पडत नाही, आणि या विद्येत प्रश्नालाच मोल आहे.

म्हणून येथे दोन गोष्टी प्रतिपादायच्या आहेत. पहिली, नवशिक्याने स्वतःच्या मालकीचे एकच साधे यंत्र घ्यावे आणि ते तळापासून समजून घ्यावे. दुसरी, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांचा अभ्यास एकमेकांपासून तोडू नये. विजेच्या तारेवरचा व्होल्टेज आणि प्रोग्रॅममधली चूक यांच्यात एक सलग वाट आहे. ती वाट एकदा स्वतः चालून पाहिली की पुढचे शिक्षण बरेचसे आपोआप मार्गी लागते.

२. परंपरा काय सांगते

हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर ही वाटणी या विद्येच्या जन्मकाळी नव्हती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे विद्यार्थ्यांचा एक मॉडेल रेल्वे क्लब होता. खेळण्यातील गाड्यांच्या रुळांखाली रिले आणि स्विचांचे जे जाळे होते, त्याच्याशी झटापट करणारी मुले पुढे संगणकाकडे वळली. १९६१ मध्ये एमआयटीला पीडीपी-१ हा संगणक मिळाला आणि १९६२ मध्ये त्यावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार झाला. ज्या मुलांनी रुळांचे सिग्नल तारांनी जोडले होते त्यांना संगणक हे वेगळे विश्व वाटले नाही. स्विच तेच होते, फक्त संख्येने अधिक.

मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली. तेथे येणाऱ्यांपैकी स्टीव्ह वॉझ्नियॅक याने १९७६ सालच्या अ‍ॅपल-१ चा सर्किट बोर्डही स्वतः आखला आणि तो चालवणारा मॉनिटर प्रोग्रॅमही स्वतः लिहिला. तो प्रोग्रॅम अवघ्या २५६ बाइटांत बसला होता. चिपची प्रत्येक पिन काय करते हे ठाऊक असल्यावाचून इतकी काटकसर साधत नाही.

आजचे संगणक त्या यंत्रांहून कितीतरी गुंतागुंतीचे आहेत, म्हणून विशेषज्ञांची विभागणी अटळ झाली. ती कामाच्या सोयीसाठी ठीक आहे. शिकणाऱ्याने मात्र ती पहिल्याच वर्षी स्वीकारू नये, कारण बरेचसे दोष नेमके दोन थरांच्या सांध्यावर सापडतात.

३. गृहीतकांचे चार प्रकार

दोषांची संख्या अमर्याद दिसते, पण त्यांच्या मुळाशी असलेली गृहीतके थोड्या प्रकारांत मोडतात. नवशिक्याने पुढील चार प्रकार पक्के करावेत.

पहिला प्रकार मापाचा. येणारी माहिती ठरल्या लांबीची असेल असे धरून चालणे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम इंटरनेटभर पसरला आणि हजारो संगणक ठप्प झाले. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक वाट युनिक्समधील ‘फिंगर’ या सेवेतून जात होती. त्या सेवेने येणाऱ्या ओळीसाठी ५१२ बाइटांची जागा राखली होती आणि ओळ वाचण्यासाठी सी भाषेतील ‘गेट्स’ हे फंक्शन वापरले होते. या फंक्शनला जागा किती आहे हे सांगण्याची सोयच नाही. मॉरिसच्या प्रोग्रॅमने ५३६ बाइट पाठवले. वरचे बाइट शेजारच्या मेमरीवर सांडले आणि यंत्राचा ताबा गेला. हे फंक्शन सी भाषेच्या प्रमाणातून काढून टाकायला २०११ साल उजाडले. मापाच्या गृहीतकाची दुसरी बाजू २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ या दोषात दिसली. ओपनएसएसएल या संकेतीकरणाच्या लायब्ररीत समोरचा संगणक ‘मी इतके बाइट पाठवले आहेत, तेवढेच परत पाठव’ असे सांगे, आणि ते खरे आहे का हे तपासले जात नव्हते. थोडे पाठवून जास्त मागितले की सर्व्हरच्या मेमरीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा भलताच मजकूर परत येई. पहिल्या घटनेत लिहिताना माप चुकले, दुसऱ्या घटनेत वाचताना.

दुसरा प्रकार मजकुराचा. माहिती ही माहितीच राहील, तिची आज्ञा होणार नाही असे धरून चालणे. वेबसाइटच्या रकान्यात लिहिलेले नाव डेटाबेसच्या आज्ञेत जसेच्या तसे चिकटवले, तर नावात घातलेले एक अवतरणचिन्ह त्या आज्ञेचा अर्थ बदलू शकते. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. मॉरिसच्या घटनेतही पाठवलेले बाइट शेवटी आज्ञा म्हणून चालले होते. म्हणजे एकाच घटनेत दोन गृहीतके एकामागून एक मोडली.

तिसरा प्रकार माणसाचा. वापरणारा अमुक करील असे धरून चालणे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या प्रोग्रॅमने इंटरनेटला जोडलेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. त्यासाठी त्याने कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या आलटून पालटून वापरल्या. ग्राहक घरी गेल्यावर पासवर्ड बदलील, या एका समजुतीवर ती सगळी सुरक्षा उभी होती.

चौथा प्रकार ताब्याचा. यंत्र हातात आले तरी त्याच्या आत कोणी पाहू शकणार नाही असे धरून चालणे. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये एक गुप्त किल्ली दोन चिपांमधल्या वेगवान मार्गावरून जात असे. इतक्या वेगाच्या मार्गावरचे संकेत बाहेरचा माणूस टिपू शकणार नाही, अशी अटकळ होती. तेव्हा एमआयटीत शिकणाऱ्या अँड्र्यू ह्वांग याने २००२ मध्ये त्यासाठी स्वतः छोटा बोर्ड बनवून ते संकेत टिपले आणि किल्ली मिळवली. त्यावरचे त्याचे पुस्तक २००३ मध्ये निघाले. हार्डवेअर वाचायला शिकणाऱ्यांसाठी ते आजही उत्तम आहे, आणि २०१३ पासून त्याची इलेक्ट्रॉनिक प्रत विनामूल्य मिळते.

यापुढे कोणत्याही दोषाची बातमी वाचली की यांपैकी कोणते गृहीतक मोडले हे एका वाक्यात लिहून काढावे. सवय छोटी आहे, पण विद्येचा कणा तिने तयार होतो.

४. पूर्वतयारी : काय आणि किती

पूर्वतयारीच्या नावाखाली वर्षानुवर्षे घालवू नयेत, आणि ती टाळूही नये. पाच गोष्टी लागतात.

सी भाषा, पॉइंटर आणि अ‍ॅरे यांच्यापर्यंत. व्हेरिएबल म्हणजे मेमरीतला पत्ता आणि त्या पत्त्यावरची जागा, हे सी जितके उघडपणे दाखवते तितके पायथन दाखवत नाही. पायथनही हवी, पण ती प्रयोगांची जुळवाजुळव करण्यासाठी.

लिनक्सची आज्ञारेषा. फाइल शोधणे, तिचे अधिकार पाहणे, चालू प्रक्रिया पाहणे, एका आज्ञेचे उत्तर दुसरीला देणे इतके हाताला वळण हवे. ‘ओव्हर द वायर’ या विनामूल्य सरावस्थळावरील ‘बँडिट’ ही मालिका यासाठीच आहे. तिच्यात प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा असतो.

द्विमान आणि षोडशमान संख्या. कागदावर नऊ-दहा दिवस रूपांतरे केली की पुरे, पण ती केलीच पाहिजेत. पुढे डिबगर आणि फर्मवेअर दोन्ही याच लिपीत बोलतात.

नेटवर्कचा पाया. आयपी पत्ता, पोर्ट, टीसीपीची जोडणी, डीएनएस आणि एचटीटीपी. वायरशार्क हे साधन लावून स्वतःच्याच संगणकाने एक पान उघडताना पाठवलेली पॅकेटे एकेक करून वाचावीत.

विजेचा पाया. व्होल्टेज, प्रवाह, रोध, ओहमचा नियम आणि ग्राउंड. दहावीच्या विज्ञानात यातले बरेच येऊन गेलेले असते, फक्त मल्टिमीटर हाती धरून ते पुन्हा पाहावे लागते.

ज्याला हे सारे एका सूत्रात हवे असेल त्याने ‘नँड टू टेट्रिस’ हा विनामूल्य अभ्यासक्रम करावा. त्यात एका नँड गेटपासून सुरुवात करून प्रोसेसर, असेंब्लर, कंपायलर आणि शेवटी चालणारा प्रोग्रॅम असा संपूर्ण संगणक विद्यार्थी स्वतः रचतो. एनपीटीईएल या शैक्षणिक संकेतस्थळावर आयआयटीच्या अध्यापकांची संगणकरचना, ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क यांवरील व्याख्याने आहेत. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही ती शहरातल्या मुलाइतकीच सहज मिळतात.

५. पहिला प्रयोग : मेमरी सांडताना पाहणे

मॉरिसच्या घटनेत काय झाले हे वाचून समजते. ते स्वतः घडवून पाहिले की ते विसरता येत नाही. प्रयोग दहा ओळींचा आहे.

सीमध्ये एक स्वतंत्र फंक्शन लिहावे. त्यात १६ बाइटांचा अ‍ॅरे घ्यावा आणि बाहेरून आलेली ओळ लांबी न तपासता त्यात नक्कल करावी. फंक्शन चालू असताना त्याची कामाची जागा स्टॅकवर असते. स्टॅक स्वयंपाकघरातल्या उतरंडीसारखा असतो. जे शेवटी ठेवले ते आधी निघते. फंक्शन बोलावले की ‘काम संपल्यावर परत कुठे जायचे’ तो परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवला जातो, आणि त्यानंतर फंक्शनच्या अ‍ॅरेसाठी जागा राखली जाते. मेमरीच्या पत्त्यांत पाहिले तर अ‍ॅरे खालच्या पत्त्यावर असतो आणि परतीचा पत्ता त्याच्या थोडा वर. अ‍ॅरे भरतो खालून वर. तो ओसंडला की त्याची धाव नेमकी परतीच्या पत्त्याकडे असते.

प्रोग्रॅम ३२ बिटांसाठी आणि संरक्षणे बंद करून कंपाइल करावा. मग त्याला दहा अक्षरे द्यावीत, तो नीट चालेल. चाळीस द्यावीत, तो कोसळेल. आता जीडीबी या डिबगरखाली तोच प्रोग्रॅम चालवावा आणि साधी ओळ न देता चार ए, चार बी, चार सी, चार डी अशी पुढची अक्षरे चार-चारदा घेत चाळीस अक्षरांची ओळ द्यावी. कोसळण्याच्या क्षणी प्रोसेसर ज्या पत्त्याकडे जाऊ पाहत होता तो पत्ता डिबगर दाखवतो. इंग्रजी मोठ्या ए या अक्षराचा संकेतांक ६५, म्हणजे षोडशमानात ४१. बी ४२, सी ४३. पत्त्याच्या जागी ४७४७४७४७ दिसले तर सातवे अक्षर, म्हणजे जी, तेथे पोचले. त्यावरून अ‍ॅरेच्या सुरुवातीपासून परतीचा पत्ता २४ बाइटांवर आहे असा हिशेब निघतो. आपल्या यंत्रावर आकडा वेगळा येईल, कारण कंपायलर मधे जागा सोडतो. तो आकडा पुस्तकात न पाहता स्वतः मोजणे हाच प्रयोगाचा उद्देश आहे.

६४ बिटांवर हाच प्रयोग केला की अनेकजण गोंधळतात. तेथे डिबगर ४१४१ असा पत्ता प्रोसेसरच्या निर्देशकात दाखवत नाही. प्रोसेसर परतीच्या आज्ञेवरच अडतो, कारण ६४ बिटांच्या यंत्रात सगळेच पत्ते वैध नसतात आणि हा पत्ता वैध आकाराचा नाही. सांडलेली अक्षरे तेव्हा स्टॅकच्या टोकावर पाहावी लागतात. ही अडचण स्वतः सोडवणाऱ्याला प्रोसेसरविषयी जे कळते ते तयार साधन चालवणाऱ्याला कधी कळत नाही.

यानंतर संरक्षणे एकेक करून परत चालू करावीत. स्टॅकवर परतीच्या पत्त्याआधी एक पहारेकरी संख्या ठेवली जाते. ती बदललेली दिसली की प्रोग्रॅम स्वतःच थांबतो. स्टॅकवरचा मजकूर आज्ञा म्हणून चालवायला प्रोसेसर नकार देतो. प्रत्येक वेळी मेमरीतले पत्ते बदलून ठेवले जातात. यांतली पहिली दोन संरक्षणे वर सांगितलेल्या गृहीतकांची भरपाई आहेत. एक मापाच्या, दुसरे मजकुराच्या. तिसरे संरक्षण ‘पत्ता आधीच ठाऊक असतो’ हे हल्लेखोराचे गृहीतक मोडते. १९९६ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकाच्या ४९ व्या अंकात अ‍ॅलेफ वन या टोपणनावाने आलेला स्टॅकवरचा लेख या विषयाचा पाठ मानला जातो. तो या प्रयोगानंतर वाचावा, आधी नव्हे. ही संरक्षणे रुळण्याआधीच्या काळातला तो असल्यामुळे त्यातले काय आज चालत नाही आणि का, हे शोधणे हाच पुढचा अभ्यास होतो.

६. दुसरा प्रयोग : जुना राउटर

हार्डवेअरसाठी घरात पडून असलेला जुना वायफाय राउटर घ्यावा. तो स्वस्त असतो, बिघडला तरी हानी नसते, आणि त्यात प्रोसेसर, रॅम, फ्लॅश मेमरी आणि लिनक्स असा पूर्ण संगणक असतो. साहित्य थोडेच लागते. मल्टिमीटर, बेताचा सोल्डरिंग आयर्न, काही जंपर तारा आणि ३.३ व्होल्टवर चालणारा यूएसबी-सीरियल अडॅप्टर. पुण्यातील तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सारे हाताळून घेता येते.

सुरक्षेचा नियम आधी. राउटरचा अडॅप्टर भिंतीतल्या २३० व्होल्टचे ९ किंवा १२ व्होल्ट करतो, म्हणून राउटरचा बोर्ड नवशिक्याला धोक्याचा नाही. अडॅप्टर स्वतः, टीव्ही, संगणकाचा पॉवर सप्लाय, म्हणजे ज्याच्या आत थेट २३० व्होल्ट जातात ते काहीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यांतल्या कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो.

डबा उघडल्यावर बोर्डवर बहुधा चार छिद्रांची किंवा चार पिनांची एक रांग दिसते. पुष्कळदा ती यूआर्ट असते. कारखान्यात बोर्डची तपासणी करण्यासाठी ठेवलेला हा सीरियल दरवाजा. पिना ओळखण्याची रीत अशी. वीज बंद ठेवून मल्टिमीटर सलगतेच्या खुणेवर ठेवावा. एक टोक धातूच्या आवरणाला आणि दुसरे एकेका पिनला लावावे. जेथे मीटर वाजतो ती ग्राउंड. आता वीज चालू करून ग्राउंडच्या संदर्भात उरलेल्या पिनांचा व्होल्टेज मोजावा. एक पिन सतत ३.३ व्होल्ट दाखवते, ती विजेची, आणि ती जोडायचीच नाही. सुरू होण्याच्या पहिल्या काही सेकंदांत जिचा आकडा हलत राहतो ती बोर्डची पाठवणारी पिन, टीएक्स. उरलेली बहुधा आरएक्स. मग बोर्डची टीएक्स अडॅप्टरच्या आरएक्सला, बोर्डची आरएक्स अडॅप्टरच्या टीएक्सला, आणि ग्राउंड ग्राउंडला. अडॅप्टर ५ व्होल्टवर ठेवला तर बोर्डच्या चिपला इजा होऊ शकते, म्हणून त्यावरचा जंपर आधी पाहावा.

संगणकावर टर्मिनल उघडून वेग सेकंदाला १,१५,२०० बिट असा ठेवावा, कारण तोच सर्वाधिक आढळतो. एका अक्षरासाठी सुरुवातीचा एक, माहितीचे आठ आणि शेवटचा एक असे दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरे. एक बिट साधारण ८.७ मायक्रोसेकंद टिकतो. वेग चुकला तर दोन्ही बाजू बिटाची लांबी वेगवेगळी मोजतात आणि पडद्यावर अर्थहीन चिन्हे येतात. मापाचे गृहीतक तारेवरही असते ते असे. स्वस्तातला आठ वाहिन्यांचा लॉजिक अ‍ॅनालायझर आणि ‘पल्सव्ह्यू’ हा मुक्त प्रोग्रॅम असेल तर ते बिट डोळ्यांनी पाहता येतात आणि वेग मोजून काढता येतो.

वेग जुळला की राउटर आपली हकिगत सांगू लागतो. आधी बूटलोडर, बहुधा यू-बूट. मग रॅम किती, फ्लॅश चिप कोणती, तिचे भाग कोठून कोठपर्यंत, लिनक्सची आवृत्ती कोणती, कोणत्या सेवा सुरू झाल्या. शेवटी कधी लॉगिन मागितले जाते, कधी काहीही न विचारता मुख्य वापरकर्त्याची आज्ञारेषा मिळते. हा सगळा मजकूर फाइलमध्ये साठवून ओळीओळीने वाचावा. न समजलेल्या प्रत्येक ओळीपुढे खूण करावी. एका राउटरची ही नोंद पूर्ण समजणे म्हणजे एका छोट्या संगणकाचा जन्म पूर्ण समजणे होय.

७. दोन्ही वाटा जेथे मिळतात

बोर्डवर आठ पायांची एक छोटी चिप असते. तिच्यात राउटरचा सगळा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, साठवलेला असतो. तिच्यावर २५क्यू६४ असे लिहिलेले असेल तर ती ६४ मेगाबिटांची, म्हणजे ८ मेगाबाइटांची. बिट आणि बाइट यांची गल्लत येथे हटकून होते. वीज काढून, चिमट्याने चिपचे पाय पकडून ‘फ्लॅशरॉम’ या प्रोग्रॅमने तिच्यातला मजकूर वाचता येतो. तो दोनदा वाचावा आणि दोन्ही प्रतींचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठशासारखा अंक, ताडून पाहावा. हॅश जुळले नाहीत तर चिमटा नीट बसलेला नाही. ही तपासणी न करता पुढे गेलेले पुष्कळ जण नसलेल्या दोषांच्या मागे लागतात.

‘बिनवॉक’ हे साधन त्या फाइलमधून लिनक्सचा कर्नल आणि दाबून ठेवलेली फाइलप्रणाली वेगळी काढते. आता राउटरच्या सगळ्या फाइल आपल्या संगणकावर आहेत. सुरुवातीला चालणारे स्क्रिप्ट वाचावेत, पासवर्डच्या फाइली पाहाव्यात, आणि मग राउटरचे सेटिंगचे पान दाखवणारा वेब सर्व्हर शोधावा. तो सहसा सीमध्ये लिहिलेला असतो आणि एमआयपीएस किंवा एआरएम प्रोसेसरसाठी कंपाइल केलेला असतो. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ‘घिड्रा’ हे साधन विनामूल्य खुले केले. त्यात हा सर्व्हर उघडला की यंत्रभाषेतून सीसदृश मजकूर मिळतो.

आता पाचव्या भागातला प्रयोग आठवावा. पानावरच्या रकान्यातून आलेली ओळ लांबी न तपासता नक्कल करणारे फंक्शन येथे कोठे बोलावले जाते, हा प्रश्न घेऊन तो मजकूर चाळायचा. मापाचे गृहीतक सापडेल. तीच ओळ लिनक्सच्या आज्ञेत चिकटवली जात असेल तर मजकुराचे गृहीतक सापडेल. पासवर्डची फाइल कारखान्यातून आली तशीच असेल तर माणसाचे, आणि यूआर्टवर विनापासवर्ड आज्ञारेषा मिळाली असेल तर ताब्याचे. चारही प्रकार एका जुन्या डब्यात भेटू शकतात. स्क्रू काढण्यापासून सीच्या एका ओळीपर्यंतची ही वाट सलग आहे, आणि म्हणूनच हार्डवेअर व सॉफ्टवेअर यांची फारकत नवशिक्याच्या हिताची नाही.

८. नोंदीची शिस्त

प्रयोग करणे आणि खटपट करणे यांतला फरक नोंदवहीत दिसतो. प्रत्येक प्रयोगाआधी तीन ओळी लिहाव्यात. मी काय धरून चाललो आहे, मी काय करणार आहे, आणि माझ्या मते काय घडेल. मग प्रयोग करून काय घडले ते लिहावे. अंदाज आणि निकाल जुळला तर समज पक्की झाली. जुळला नाही तर पुढचा अभ्यासविषय मिळाला. अंदाज आधी लिहिला नाही तर मन निकाल पाहून ‘मला हेच वाटले होते’ असे म्हणते आणि शिकण्याची संधी हातची जाते.

नोंद अशी असावी की सहा महिन्यांनी ती वाचून दुसऱ्याला तोच प्रयोग करता यावा. बोर्डचे छायाचित्र, पिनांचे मोजलेले व्होल्टेज, चिपवरचे अंक, दिलेल्या आज्ञा, फाइलींचे हॅश हे सारे त्यात यावे. ती मराठीत लिहावी. स्वतःच्या भाषेत जे स्पष्ट लिहिता येत नाही ते बहुधा स्पष्ट समजलेले नसते. आपल्या भाषेत या विषयाच्या सविस्तर नोंदी फार थोड्या आहेत, त्यामुळे चांगली नोंद लिहिणारा विद्यार्थी मागून येणाऱ्यांची मोठी सोय करतो.

९. मर्यादा : मालकी आणि परवानगी

वरचे सर्व प्रयोग स्वतःच्या मालकीच्या यंत्रावर आणि स्वतःच्या संगणकावर करायचे आहेत. ही अट अभ्यासाचा भाग आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना संगणकात प्रवेश करणे, त्यातली माहिती उतरवून घेणे वा तो बिघडवणे यासाठी नुकसानभरपाई द्यावी लागते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘नुसते पाहत होतो’ हे म्हणणे कलम ४३ पासून वाचवत नाही. शेजाऱ्याचे वायफाय, महाविद्यालयाचे निकालाचे पोर्टल, नगरपालिकेची वेबसाइट ही सरावाची ठिकाणे नाहीत, मग त्यातला दोष कितीही उघड दिसत असो.

नकळत दुसऱ्याच्या यंत्रणेत दोष दिसलाच तर तेथेच थांबावे, अधिक खोल जाऊ नये, दिसले तेवढे नोंदवून संबंधित संस्थेला कळवावे. भारतात यासाठी सर्ट-इन ही राष्ट्रीय संस्था आहे आणि ती दोषांच्या सूचना स्वीकारते. कंपन्यांच्या बक्षीस योजनांत भाग घ्यायचा तर काय तपासायला परवानगी आहे आणि काय नाही, हे त्यांच्या अटींत लिहिलेले असते. त्या अटी आधी शब्दशः वाचाव्यात.

कायद्याच्या पलीकडेही एक कारण आहे. दुसऱ्याच्या चालू यंत्रणेवर प्रयोग करणारा घाईत असतो, भीतीत असतो, आणि यंत्राचा आतला भाग त्याला दिसत नाही. स्वतःच्या बाकावरचे यंत्र शंभरदा मोडता येते, थांबवून पाहता येते, उघडून मोजता येते. शिक्षण तेथेच होते.

१०. सराव, सोबत आणि दुरुस्ती

मूलभूत दोन प्रयोग झाले की सरावाला तोटा नाही. वेबसाठी ‘डीव्हीडब्ल्यूए’ आणि ओवास्पचे ‘ज्यूस शॉप’ ही मुद्दाम दोष ठेवून बनवलेली अ‍ॅप्लिकेशने आपल्याच संगणकावर चालवता येतात. पोर्टस्विगरची वेब सुरक्षेची प्रयोगशाळा विनामूल्य आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘पिकोसीटीएफ’ स्पर्धा शालेय मुलांपासून सर्वांना झेपते. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाचे ‘पीडब्ल्यूएन कॉलेज’ मेमरीचे दोष क्रमाने शिकवते. भारतात अमृता विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी चालवलेली ‘इनसीटीएफ’ अनेक नवशिक्यांची पहिली स्पर्धा ठरली आहे. ‘नल’ या मुक्त सुरक्षा-गटाच्या शाखा पुणे आणि मुंबईत आहेत, आणि त्यातूनच उगवलेली ‘नलकॉन’ परिषद २०१० पासून गोव्यात भरत आली आहे. एकट्याने शिकणारा आपल्या अंदाजांवर विश्वास ठेवू लागतो. कोणीतरी ‘हे कशावरून?’ असे विचारणारे जवळ असावे.

मात्र स्पर्धेतला क्रमांक हा प्रगतीचा अपुरा मापदंड आहे. खरा मापदंड दुरुस्ती आहे. पाचव्या भागातल्या प्रोग्रॅममध्ये लांबीची तपासणी घालावी आणि ती चुकवता येते का हे स्वतःच पाहावे. अवतरणचिन्हाने फसणारी आज्ञा अशी लिहावी की माहिती आणि आज्ञा कधी एकत्र येणारच नाहीत. ज्याला दोष सापडतो पण नीट बुजवता येत नाही, त्याला ते गृहीतक अजून अर्धेच समजले आहे.

राउटरच्या बाबतीत या दुरुस्तीला मोठा इतिहास आहे. २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स आहे हे हौशी अभ्यासकांनी दाखवून दिले. लिनक्सच्या परवान्यानुसार कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला, आणि त्यातून २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा मुक्त फर्मवेअर प्रकल्प उभा राहिला. आज जगभरातील अनेक जुने राउटर, ज्यांच्या कंपन्यांनी त्यांना अद्ययावत करणे केव्हाच सोडून दिले, ते या फर्मवेअरवर दोष बुजवून चालतात. आपल्या अभ्यासातला राउटर त्याच्या यादीत असेल तर त्यावर ते चढवावे. यूआर्टची जोडणी हाती असल्यामुळे चढवताना काही चुकले तरी यंत्र बहुधा परत उभे करता येते.

घरोघरी, दवाखान्यांत, शेतातल्या पंपांवर आता इंटरनेटला जोडलेली यंत्रे आली आहेत आणि त्यांतली बहुतेक कोणी उघडून पाहिलेली नाहीत. ती बनवणाऱ्यांनी काय धरून चालले आहे हे तपासणारी आणि चुकले असेल तेथे दुरुस्त करणारी माणसे आपल्याकडे हवीत. ती तयार होण्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एक मल्टिमीटर, एक जुना राउटर, सीचे दहा ओळींचे प्रोग्रॅम आणि प्रत्येक प्रयोगाआधी अंदाज लिहिण्याची शिस्त एवढ्या भांडवलावर हा अभ्यास सुरू होतो.